अंगावर काढलेली गाठ

"दुखत नाही ना, मग कशाला दवाखाना?" स्तनात गाठ लागलेल्या स्त्रीच्या तोंडून हे वाक्य आपल्या वस्त्यांमध्ये हमखास ऐकू येते. त्याच्या जोडीला आणखी काही वाक्ये ठरलेली आहेत. दुधाची गाठ असेल. चार लेकरे अंगावर पाजली, मला कसा होईल? सुरी लागली की रोग अंगभर पसरतो. कॅन्सर म्हणजे कॅन्सल. आणि सगळ्यात शेवटी, एवढा पैसा घालून माणूस वाचतो थोडाच! डॉक्टर मंडळी, आरोग्य खात्याचे अधिकारी आणि वर्तमानपत्रांत आरोग्यावर लिहिणारे विद्वान या सर्व वाक्यांना एका शब्दात निकालात काढतात : अज्ञान. मग हे अज्ञान घालवण्यासाठी ऑक्टोबर महिन्यात गुलाबी फिती लावल्या जातात, फेऱ्या निघतात, पोस्टर चिकटवले जातात. नोव्हेंबरमध्ये त्याच पोस्टरवर कोचिंग क्लासची जाहिरात लागते.

वकिली व्यवसायात साक्ष तपासण्याची सवय लागते. साक्षीदार चुकीचे बोलत असेल तर ते तो कुठून शिकला, हे आधी पाहावे लागते. या वाक्यांकडे मी तशीच पाहते. ज्या बाईने आपल्या उभ्या आयुष्यात स्तनाच्या कर्करोगाच्या चार स्त्रिया पाहिल्या, त्या चारही जणी गाठ फुटून जखम झाल्यावर दवाखान्यात गेल्या, चौघींचे ऑपरेशन झाले आणि वर्षा-दोन वर्षांत चौघी गेल्या, तिने काय निष्कर्ष काढावा? ऑपरेशनने माणूस मरतो, असाच ना? तिचा पुरावा खरा आहे. निष्कर्ष चुकला, कारण वेळेवर जाऊन बरी झालेली पाचवी स्त्री तिला कोणी दाखवलीच नाही. ती पाचवी स्त्री बहुधा दुसऱ्या वर्गाची, दुसऱ्या वस्तीची असते. आणि आपल्यातलीच असली तर बरी झाल्यावर ती गप्प बसते, कारण घरात लग्नाची मुलगी असते. आईला कॅन्सर होता म्हटले की सोयरीक मोडते. म्हणजे मेलेल्या साऱ्या वस्तीला माहीत आणि वाचलेली एकही माहीत नाही. अशा वस्तीत "कॅन्सर म्हणजे कॅन्सल" हेच शहाणपण ठरणार.

आकडे पाहू. २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात स्तनाच्या कर्करोगाच्या सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्ण स्त्रिया आढळल्या आणि सुमारे ९८ हजार मृत्युमुखी पडल्या. भारतीय स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग हाच आहे, आणि पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत तो आपल्याकडे साधारण दहा वर्षे अगोदरच्या वयात गाठतो. निदानानंतर पाच वर्षे जगणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण आपल्या देशात सुमारे ६६ टक्के आहे. अमेरिकेत ते ९० टक्क्यांच्या घरात आहे. रोग तोच, औषधेही बरीचशी तीच. फरक पडतो तो प्रामुख्याने स्त्री कोणत्या टप्प्यावर दवाखान्याच्या दारात पोहोचते आणि उपचार पुरे करू शकते की नाही, यामुळे. आणि २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (पाचवी फेरी) ३० ते ४९ वयोगटातील किती स्त्रियांनी आयुष्यात एकदा तरी स्तनाची तपासणी करून घेतली होती? ०.९ टक्के. शंभरात एकसुद्धा नाही. उरलेल्या नव्व्याण्णव जणींना अज्ञानी म्हणायचे असेल तर खुशाल म्हणावे, पण त्यांपैकी कितीजणींना तपासणी नीट देऊ केली गेली होती, हा प्रश्न आधी विचारावा लागेल.

कागदोपत्री ती देऊ केलेली आहे. केंद्र सरकारने २०१६ साली ३० वर्षांवरील सर्व स्त्री-पुरुषांच्या तपासणीची मार्गदर्शक तत्त्वे काढली. आशाताईने घरोघर जाऊन अर्ज भरायचा, उपकेंद्रातील नर्सने दर पाच वर्षांनी हाताने स्तनाची तपासणी करायची, गाठ आढळली तर पुढे पाठवायचे. योजना चांगली आहे. मॅमोग्राफीचे महागडे यंत्र खेडोपाडी नेणे शक्य नाही, आणि तरुण स्त्रियांमध्ये त्या यंत्राला मर्यादाही आहेत. हाताच्या तपासणीला लागते काय? प्रशिक्षित बाई, बंद दार आणि दहा-पंधरा मिनिटे. यातले बंद दारच अनेक उपकेंद्रांत नसते. एका खोलीत लसीकरण, त्याच खोलीत रक्तदाब, दाराला पडदा आहे पण तो अर्धा. तिथे ओळखीची चार माणसे बसलेली असताना कोणती बाई ब्लाऊज काढणार? मग पुढे "स्त्रिया लाजतात" असा शेरा नोंदवला जातो.

या लाजेबद्दलही थोडे बोलले पाहिजे. आपल्या बायकांकडे या अवयवासाठी चारचौघांत बोलायला शब्दच नाही. "स्तन" हा पुस्तकी शब्द, घरात बोलला जाणारा शब्द शिवीत वापरलेला. म्हणून बाई सांगते, "छातीत काहीतरी आहे." यात गाठ आहे की धडधड, हे समोरच्याने ओळखायचे. पुरुष डॉक्टर असेल तर ती "अशक्तपणा वाटतो" म्हणून टॉनिक घेऊन परत येते. ज्या रोगाचे ठिकाणच उच्चारता येत नाही तो रोग वेळेवर सांगणार कसा? ज्या समाजात स्त्रीचे शरीर म्हणजे घराण्याची अब्रू मानली गेली, आणि दलित स्त्रीचे शरीर तर वरच्या आळीने आपली मालमत्ताच समजली, तिथे अंग झाकणे हा तिने कष्टाने मिळवलेला सन्मान आहे. तो एका अनोळखी हातापुढे बाजूला ठेवायचा तर त्या हातावर विश्वास लागतो. सरकारी दवाखान्यात तिला अरे-तुरे होते, आडनाव ऐकून सूर बदलतो, "एवढे दिवस झोपली होतीस का?" असे दहा जणांसमोर विचारले जाते. अशा ठिकाणी निरोगी असताना पुन्हा तपासणीला जायचे? आजारीपणी नाइलाज असतो म्हणून ती जाते. तपासणी मात्र काही दुखत नसताना करायची असते, आणि गरीब माणसाचा दवाखान्याशी तसा संबंधच कधी आलेला नसतो.

या रोगाबाबत स्त्रियांचे मत बदलू शकते का? याचे उत्तर आपल्या मुंबईतच आहे. परळच्या टाटा रुग्णालयाने १९९८ मध्ये मुंबईच्या झोपडवस्त्यांमध्ये एक मोठा अभ्यास सुरू केला. ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखांवर स्त्रिया, वीस विभाग. दहा विभागांत दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी, अशा चार फेऱ्या, आणि पुढे अनेक वर्षे पाठपुरावा. तपासणी करणारे डॉक्टर नव्हते. किमान दहावी शिकलेल्या, खास प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका होत्या. २०२१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये निष्कर्ष आले. तपासणी झालेल्या गटात तिसऱ्या-चौथ्या टप्प्यावर निदान होणाऱ्यांचे प्रमाण ३७ टक्के होते, तर दुसऱ्या गटात ४७ टक्के. पन्नास व त्यावरील वयाच्या स्त्रियांमध्ये या रोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांमध्ये मृत्यूंवर असा स्पष्ट परिणाम दिसला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तपासणी म्हणजे जादूची कांडी नव्हे. पण ज्यांना अज्ञानी म्हणून हिणवले जाते त्याच वस्त्यांतल्या स्त्रिया, त्यांच्यासारखीच बोलणारी एखादी बाई दारात आली, नीट समजावून सांगितले, वस्तीतच सोय केली आणि पुढच्या उपचाराची वाट मोकळी ठेवली, तर वर्षानुवर्षे तपासणीला येतात, हे या अभ्यासाने दाखवून दिले.

(या अभ्यासाला दुसरी बाजूही आहे. उरलेल्या दहा विभागांना तपासणी नव्हती, केवळ एकदा माहिती दिली गेली. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीबाबत हा प्रश्न जास्त तीव्र होता आणि वैद्यकीय नीतीच्या वर्तुळात त्यावर पुढे मोठा वाद झाला. गरीब वस्त्यांच्या जिवावर ज्ञान मिळाले असेल तर त्या ज्ञानावर पहिला हक्क त्याच वस्त्यांचा आहे. तो अजून त्यांना मिळायचा आहे.)

सोलापूर जिल्ह्यातील बार्शीचा अनुभवही असाच. तिथे १९८७ साली ग्रामीण भागातील देशातली पहिली कर्करोग नोंदणी सुरू झाली. नोंद करायची तर रुग्ण शोधायला गावोगाव जावे लागे, आणि गेलेले कर्मचारी लोकांशी बोलत, शंकांची उत्तरे देत. काही वर्षांत त्या परिसरातील गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे निदान पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यावर होऊ लागले. हे यंत्राने साधलेले नाही, माणूस माणसाकडे गेल्याने साधले.

याच्या उलट उदाहरण फिलिपाइन्सची राजधानी मनिला येथील आहे. तिथेही नव्वदच्या दशकात हाताने तपासणीचा मोठा प्रयोग झाला. १ लाख ३८ हजारांवर स्त्रिया तपासल्या गेल्या. त्यांपैकी ३,४७९ जणींना गाठ आढळली. पुढच्या तपासण्या पूर्ण केल्या केवळ ३५ टक्क्यांनी. घरी जाऊन विनवूनही ४२ टक्क्यांहून अधिक स्त्रियांनी साफ नकार दिला. पहिल्या फेरीनंतर तपासणीचे काम थांबवावे लागले. म्हणजे तपासणीपर्यंत स्त्रिया येतात. अडतात त्या पुढच्या पायरीवर. गाठ आहे हे कळणे एक गोष्ट आणि त्या कळण्याचे काय करायचे हे हातात असणे दुसरी. ज्या बाईजवळ पुढच्या उपचाराची सोय नाही तिला गाठ सापडणे म्हणजे निव्वळ झोप उडणे. मग न कळलेले बरे, असे ती म्हणते. हा अज्ञानाचा नव्हे, हिशेबाचा भाग झाला.

तो हिशेब एकदा मांडून पाहा. चार घरची धुणीभांडी करणारी बाई तपासणीला गेली की एक खाडा. सोनोग्राफीला दुसरा, सुईची तपासणी म्हणजे बायोप्सीला तिसरा, रिपोर्ट आणायला चौथा. पाचव्या खाड्याला मालकीण दुसरी बाई बघते. कारखान्यातील नोंदणीकृत कामगार स्त्रीला ईएसआय योजनेत ठराविक अटी पूर्ण झाल्यास कर्करोगासारख्या दीर्घ आजारात दोन वर्षांपर्यंत वेतनाच्या ८० टक्के रक्कम मिळू शकते. घरकामगार, शेतमजूर, कचरावेचक आणि नाक्यावर उभी राहणारी बांधकाम मजूर स्त्री यांना यातले काहीच नाही. कंत्राटी सफाई कामगार स्त्रीला कायद्याने आहे, पण कंत्राटदाराने तिच्या नावाने वर्गणी भरली आहे की नाही हे तिला आजारी पडल्यावरच कळते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचे संरक्षण २०२४ पासून पाच लाख रुपयांपर्यंत गेले, ही मोठी गोष्ट आहे आणि वस्तीतल्या प्रत्येक बाईला ती माहीत असली पाहिजे. पण या योजनेची खरी मदत सुरू होते निदान झाल्यावर. त्याआधीच्या फेऱ्या, तपासण्या, एस.टी.चे भाडे आणि बुडालेली मजुरी हे बहुतेकदा पदराला खार लावूनच भागवावे लागते. नायगावच्या बीडीडी चाळीतून टाटा रुग्णालय चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तिथल्या बायका जाता-येता काय पाहतात? फुटपाथवर पथारी टाकून महिनोन्‌महिने राहिलेले, डोक्यावरचे केस गेलेले बाहेरगावचे रुग्ण. कॅन्सर म्हणजे काय, हे त्यांना पोस्टरने सांगायची गरज उरत नाही.

डॉक्टरवरचा अविश्वासही हवेतून आलेला नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रकरण २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गेले. सरकारी समितीने ८२ हजारांवर स्त्रियांची पाहणी केली. त्यांतील १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. "काढले नाही तर कॅन्सर होईल" अशी भीती खाजगी डॉक्टरांनी घातल्याचे कित्येक स्त्रियांनी सांगितले. नीट विचार करा. जिथे ऑपरेशनमध्ये डॉक्टरचा फायदा होता तिथे याच "अज्ञानी" स्त्रियांना कॅन्सरची भीती पटवून द्यायला दहा मिनिटे पुरली. जिथे हाताने तपासण्यात कुणाचाच नफा नाही, तिथे त्यांचे अज्ञान दूर व्हायला वर्षानुवर्षे लागतात!

आता घराच्या आत येऊ. स्त्रियांच्या मनात ऑपरेशनपेक्षा मोठी भीती असते ती टाकून दिले जाण्याची. "छाती काढली तर नवरा ठेवील का?" हा प्रश्न मला कोर्टाच्या आवारात अनेकदा विचारला गेला आहे. स्तन काढल्यानंतर विश्रांतीच्या नावाखाली माहेरी पाठवलेल्या आणि नंतर परत न आणलेल्या स्त्रिया आमच्याकडे पोटगीसाठी येतात. अशी एक घटना एका आळीत घडली की त्या आळीतल्या वीस बायका स्वतःच्या गाठी लपवतात. तेव्हा कायदा काय म्हणतो, हे भगिनींनी स्पष्ट समजून घ्यावे. कर्करोग हे घटस्फोटाचे कारण नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यानुसार पत्नीला सामाईक घरात राहण्याचा हक्क आहे, घर कोणाच्याही नावावर असो. छळामुळे झालेला वैद्यकीय खर्च आणि पोटगी त्याच कायद्याखाली मागता येते. २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खालीही पोटगीचा अर्ज करता येतो. आणि आणखी एक गोष्ट, जी कायद्याची नाही पण तितकीच महत्त्वाची आहे : गाठ लहान असताना गेले तर अनेकदा पूर्ण स्तन काढावाही लागत नाही. उशिरा गेल्याने स्तन जातो, तो पाहून बाकीच्या घाबरतात आणि त्याही उशिरा जातात. हे चक्र असेच फिरत राहते.

आपल्या कार्यकर्त्या बांधवांशीही दोन शब्द. भीमजयंतीला आपण वस्तीवस्तीत आरोग्य शिबिरे घेतो. रक्तदाब, साखर, डोळे, रक्तदान. स्तनाची तपासणी का नाही? "ते बायकांचे" म्हणून. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत संततिनियमनाच्या प्रसाराचा ठराव आला. बाबासाहेबांनी तयार केलेले भाषण त्यांच्या गैरहजेरीत पी. जे. रोहम यांनी सभागृहात मांडले. ठराव नामंजूर झाला, परंतु स्त्रीच्या शरीराचा प्रश्न हा सार्वजनिक प्रश्न आहे, हे तेव्हा भर सभागृहात मांडले गेले होते. त्याला आता जवळपास नव्वद वर्षे होतील, आणि आपल्या जयंती मंडळाच्या बैठकीत "स्तन" हा शब्द उच्चारला तर माना खाली जातात. डीजेच्या खर्चावर तीन तास चर्चा होते. शिबिरात एक बंद खोली आणि एक प्रशिक्षित नर्स ठेवायला किती खर्च येतो? तपासणीची वर्गणी नवऱ्याकडे मागायची नाही आणि जायची परवानगीही नाही, एवढे ठरवले तरी निम्मी वाट मोकळी होईल.

"स्वतःच तपासा" या सल्ल्याबद्दल सावध राहावे लागते. चीनमधील शांघाय शहरात कापड गिरण्यांतील २ लाख ६६ हजार कामगार स्त्रियांवर हा प्रयोग झाला. निम्म्या जणींना स्वतः तपासण्याचे रीतसर शिक्षण दिले गेले. २००२ साली निष्कर्ष आला की केवळ त्या शिक्षणाने मृत्यू कमी झाले नाहीत. आपल्या शरीराची ओळख असावी, बदल दिसला तर ताबडतोब दाखवावे, हे खरेच. पण सगळा भार बाईच्याच हातावर टाकून सरकारने हात झटकावेत, असा त्याचा अर्थ होऊ देता कामा नये.

२०२५ साली हिंगोली जिल्ह्यात "संजीवनी" नावाची मोहीम झाली. जवळपास २ लाख ९३ हजार स्त्रियांकडून प्रश्नावली भरून घेतली गेली, १४ हजारांहून अधिक जणींमध्ये कर्करोगासारखी लक्षणे असल्याचे विधानसभेत सांगण्यात आले आणि दुसऱ्या दिवशी मथळे झळकले. प्रत्यक्ष निदान झालेल्या कर्करोगांची संख्या मात्र अगदी मोजकी होती. मथळा वाचून जी घाबरली तिला हा दुसरा आकडा कुणी सांगितला? बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, हे साधे वाक्य त्या दिवशी मोठ्या अक्षरांत छापायला हवे होते.

म्हणून पोस्टरपेक्षा आकडे मागावेत, असे मला वाटते. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. आपल्या तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्याला किंवा महानगरपालिकेच्या प्रभाग आरोग्य कार्यालयाला तीन प्रश्न विचारा. गेल्या वर्षी आपल्या उपकेंद्रात किती स्त्रियांच्या स्तनांची प्रत्यक्ष हाताने तपासणी झाली, नुसता अर्ज भरून नव्हे? त्यांपैकी किती जणींना पुढे पाठवले? आणि पाठवलेल्यांपैकी किती जणी खरोखर पोहोचल्या, त्यांचे निदान काय झाले? पहिला आकडा तयार मिळेल. दुसऱ्यासाठी पत्रव्यवहार करावा लागेल. तिसऱ्या आकड्यासाठी पहिले अपील तयारच ठेवा. उत्तर न आल्यास किंवा ते अपुरे असल्यास तीस दिवसांच्या आत ते दाखल करावे लागते.